संकल्पांची वही

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वहीवर हळदकुंकू वाहतो. त्या वहीत जे घडले तेवढेच लिहायचे असते. आपण बाकीची माणसे याच सुमारास दुसरी एक वही काढतो, आणि तिच्यात जे घडावेसे वाटते ते लिहितो. पहाटे उठणे, खर्च आवरणे, कपाट लावणे, थोरल्या काकूंना भेटून येणे. यादी पुरी झाली की मनाला असे काही हलके वाटते की जणू कामेच हातावेगळी झाली! धोका आहे तो इथेच. व्यापारी पैसा हाती आल्यावाचून जमा धरीत नाही; आपण तो येण्याआधीच धरून मोकळे होतो.

मग लिहूच नये की काय? बेंजामिन फ्रँकलिनने या प्रश्नाला आपल्या आचरणानेच उत्तर दिले आहे. फिलाडेल्फियातल्या या मुद्रकाने तरुणपणी मितभाषण, काटकसर, उद्योग, नम्रता अशा 13 गुणांची यादी केली आणि एका चिमुकल्या वहीत आठवड्याच्या सात वारांचे रकाने आखले. त्या रकान्यांत तो आपले पराक्रम नोंदवीत नसे. ज्या दिवशी जो गुण ढळला, त्यापुढे काळा ठिपका देई. शिवाय तेराही गुणांवर त्याने एकदम झडप घातली नाही. एका आठवड्यात एकाच गुणाकडे विशेष लक्ष. 13 आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. नव्या फेरीसाठी जुने ठिपके खरवडता खरवडता कागदाला भोके पडली, तेव्हा त्याने हस्तिदंती पाने घेतली. व्यवस्थितपणा त्याला अखेरपर्यंत साधला नाही, आणि आत्मचरित्रात तसे त्याने मोकळेपणी लिहूनही ठेवले. पूर्णत्व दूर राहिले, पण या खटाटोपाने आपण होतो त्याहून बरे आणि सुखी झालो, एवढे समाधान त्याला लाभले.

म्हणजे त्याची वहीही व्यापाऱ्याचीच होती! तिच्यात बाकी लपत नसे.

संकल्प हा स्वतःला दिलेला शब्द. त्यात देणेकरी आपण आणि सावकारही आपणच. म्हणून तर सूट इतक्या सहज मिळते. कागद हा त्या व्यवहारातला साक्षीदार. पण साक्ष नेमकी हवी. ‘काकूंना भेटणे’ ही नुसती इच्छा झाली. ‘रविवारी सकाळी, मंडईतून परतताना, काकूंकडे’ हा झाला बेत. पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1999 साली हेच मांडले, की केव्हा, कुठे आणि कसे हे ठरवलेले काम नुसत्या निश्चयापेक्षा अधिक वेळा तडीस जाते.

आणि एखादी ओळ तिसऱ्यांदा पुढच्या पानावर उतरवावी लागली, तर हात थांबवावा. हे खरोखर करायचे आहे काय? नसेल तर उघडपणे खोडावे. त्यात कमीपणा नाही. असेल तर बाकीच्या ओळी खोडून ती वर घ्यावी. विजेचे बिल राहिले तर आठवण करून देणारे कोणी तरी असते. काकू आठवण करून देत नाहीत. ज्याचा तगादा नाही, तेच देणे पानामागून पान पुढे ओढले जाते, आणि एके दिवशी ते फेडून घ्यायला पलीकडे कोणी उरत नाही.

यंदाच्या पाडव्याला वही जरूर उघडावी. तिच्यात पहिली ओळ बिनतगाद्याच्या देण्याची असावी, आणि तिच्यापुढे वार लिहिलेला असावा.