तुम्ही वर, मी खाली

आमच्या शाखेत रेकॉर्डरूमकडे जाणारा एक बोळ आहे. दोन माणसं अंग चोरून जेमतेम जातील, एवढाच रुंद. परवा या बोळात कर्जविभागातले माझे एक सहकारी हातात चहाचा कप घेऊन समोरून आले. त्यांना वाट द्यावी म्हणून मी डावीकडे सरकलो. मला वाट द्यावी म्हणून ते उजवीकडे सरकले. म्हणजे पुन्हा आमनेसामने! मग "या, या", "छे, छे, आधी तुम्ही" असं करत दोघेही एकदमच दुसऱ्या बाजूला सरकलो आणि चहा माझ्या शर्टावर आला.

शर्टाचं काही नाही. वाईट याचं वाटलं, की आमच्यापैकी एक जण जरी उद्धट असता, तरी चहा वाचला असता.

हा भोग फक्त बोळातून चालणाऱ्यांच्या नशिबी असतो, अशी माझी समजूत होती. आकाशाला कुठे भिंती आहेत? पण विमानंसुद्धा तुमच्याआमच्यासारखी ठरलेल्या वाटेनं आणि ठरलेल्या उंचीवरून जातात. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीजवळ चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं समोरासमोर आली. दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला १४,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं आणि दिल्लीला उतरायला येणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर. कझाक विमान त्याहून खाली उतरलं. ३४९ माणसं गेली, एकही वाचला नाही.

त्यानंतर आपल्याकडे विमानात 'टीकॅस' नावाचं यंत्र सक्तीचं झालं. नावात टीका असली, तरी हे यंत्र टीका करत नाही. थेट हुकूम सोडतं. ते आसपासच्या विमानांना सारखं विचारत असतं, "कोण आहे? किती उंचीवर?" पलीकडच्या विमानातलं यंत्र उत्तर देतं. फार जवळीक होते आहे असं दिसलं, की आधी "ट्रॅफिक, ट्रॅफिक" असा पुकारा होतो. तरी भागलं नाही, तर दोन्ही विमानांतली यंत्रं आपसांत ठरवून टाकतात: तुम्ही वर, मी खाली. मग एका वैमानिकाला "चढ" आणि दुसऱ्याला "उतर" असा हुकूम सुटतो. वैमानिकानं तो साधारण पाच सेकंदांत अमलात आणायचा असतो. आमच्या काउंटरवर पाच सेकंदांत पेनाचं टोपणसुद्धा निघत नाही.

म्हणजे आमच्या बोळातला प्रश्न शास्त्रज्ञांनी सोडवला म्हणायचा! पण यंत्र एक सांगतंय आणि जमिनीवरचा नियंत्रक दुसरंच सांगतोय, तेव्हा कोणाचं ऐकायचं?

३१ जानेवारी २००१ रोजी जपानवर हेच झालं. नियंत्रकाच्या हातून दोन विमानांच्या क्रमांकांत गफलत झाली. ज्या विमानाला त्यानं "उतरा" म्हटलं, त्याला यंत्र "चढ" म्हणत होतं. वैमानिकानं माणसाचं ऐकलं. दुसऱ्यानं यंत्राचं ऐकलं. दोघेही खाली! दोन्ही विमानांत मिळून ६७७ माणसं होती. ऐन वेळी विमान असं काही हिसडलं, की आतली खाण्यापिण्याची गाडी छताला जाऊन अडकली. शंभराच्या आसपास माणसं जखमी झाली, पण मेलं कोणी नाही. अशा वेळी आपण म्हणतो, टक्कर थोडक्यात चुकली.

सतरा महिन्यांनी ती चुकली नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेन गावावर एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान एकमेकांच्या वाटेत आलं. झुरिचचा नियंत्रक एकटाच दोन पडदे सांभाळत होता. जोडीदार विश्रांतीला गेलेला. टेलिफोनची मुख्य लाइन दुरुस्तीसाठी बंद. जर्मनीतल्या दुसऱ्या केंद्राला धोका दिसला होता. पण त्यांचा फोनच लागेना. नियंत्रकानं रशियन विमानाला "उतरा" सांगितलं आणि काही सेकंदांतच त्या विमानातलं यंत्र "चढ" म्हणालं. यंत्र वर जायला सांगतंय, हे आतल्या एकानं बोलूनही दाखवलं. तरी विमान उतरलं. मालवाहू विमान आपल्या यंत्राचं ऐकून उतरत होतंच. ७१ माणसं गेली. त्यांत कितीतरी शाळकरी मुलं होती.

हे वाचून मी त्या रशियन वैमानिकावर रागावणार होतो. पण मला माझी किल्ली आठवली.

आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात. एक अधिकाऱ्याकडे, एक कॅशियर म्हणून माझ्याकडे. आपली किल्ली दुसऱ्याला देऊ नये, असा नियम आहे. एका संध्याकाळी साहेब म्हणाले, "द्या ती इकडे, मी करतो बंद. तुमची बस चुकेल." मी दिली. पुढे काहीच झालं नाही, आणि हेच वाईट झालं. कारण दुसऱ्यांदा मागितली असती, तर मी दुसऱ्यांदाही दिली असती. नियम हा कागद असतो. साहेबाला आवाज असतो. त्या विमानात मी असतो, तर मीही खालीच गेलो असतो.

मग माणसानं स्वतःची अक्कल गहाण टाकून यंत्राचं ऐकायचं? तत्त्वज्ञान आम्हां कॉमर्सवाल्यांना झेपत नाही, पण डबल एंट्री कळते. इकडे नावे टाकलं, की तिकडे जमा पडलंच पाहिजे. एक जण खाली जातो, तो दुसरा वर जाणार या भरवशावर. तिथे माझ्या एकट्याच्या शहाणपणाला किंमत नाही. नियम पाळायचा, तो नियम फार हुशार असतो म्हणून नव्हे, तर समोरचा माणूस त्याच्यावर विसंबून निघालेला असतो म्हणून. यंत्र काही देव नाही. २००६ साली ब्राझीलवर एका लहान जेटचं उत्तर देणारं यंत्रच गप्प होतं. दोन्हीकडची टीकॅस मुकी राहिली आणि समोरच्या विमानातली १५४ माणसं गेली. म्हणजे भरवसा देणाऱ्यानं आधी "मी इथे आहे" एवढं तरी सांगायला हवं.

युबरलिंगेननंतर जगभर निःसंदिग्धपणे सांगण्यात आलं: दोघांचं पटलं नाही, तर यंत्राचं ऐका. हे शहाणपण ७१ माणसांनंतर आलं.

मी आणि माझे सहकारी त्या मानानं स्वस्तात सुटलो. आता बोळात ज्यानं त्यानं आपापल्या डावीकडे सरकायचं, असा आमचा करार झाला आहे. चहा सुखरूप पोचतो.

काल संध्याकाळी साहेबांनी पुन्हा हात पुढे केला. "द्या किल्ली, तुमची बस चुकेल."

म्हटलं, "साहेब, बोळात तुम्ही म्हणाल त्या बाजूला सरकेन. किल्ली मात्र नाही देणार."

साहेब काही बोलले नाहीत. दोघांनी मिळून तिजोरी बंद केली. मी धावत स्टॉपवर पोचलो.

बस थोडक्यात चुकली.