सर्वांना खुले दार आणि आपली प्रतिज्ञा



दिल्लीला गेलेली आपली कुटुंबे २६, अलीपूर रोड येथे बाबासाहेबांच्या स्मृतीस वंदन करतात आणि पुष्कळदा तेथून कालकाजीजवळचे बहाई उपासना मंदिर पाहायला जातात. परतल्यावर काहींच्या मनात खटका राहतो. "आपण देव नाकारला, मग देवाच्या घरात बसलो, हे प्रतिज्ञेला सोडून तर झाले नाही ना?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. मनापासून दीक्षा घेतलेल्यालाच तो पडतो.

या वास्तूचे समर्पण डिसेंबर १९८६ मध्ये झाले. वास्तुशिल्पी फरिबोर्झ साहबा यांनी तिला कमळाचा आकार दिला. संगमरवराने मढवलेल्या २७ पाकळ्या, ९ बाजू, भोवती ९ जलाशय. आत मूर्ती नाही, पुरोहित नाही, प्रवचन नाही, वाद्यसुद्धा नाही. निरनिराळ्या धर्मांच्या ग्रंथांतील वचने तेथे वाचली किंवा गायली जातात. पादत्राणे बाहेर काढायची आणि आत बोलायचे नाही. जात कोणी विचारत नाही.

ज्यांच्या वाडवडिलांनी २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह केला, त्यांना या न विचारण्याची किंमत सांगायला नको. त्या दाराचा आदर जरूर करा. पण दार खुले आहे एवढ्यावरून आतले तत्त्वही पटले, असा हिशेब करू नका. काळारामच्या पायरीवरही आपला झगडा माणुसकीच्या हक्काचा होता. रामदर्शनावाचून आपले काही अडले नव्हते.

बहाई मत असे की, ईश्वर एक आहे आणि कृष्ण, बुद्ध, येशू, महंमद, बहाउल्ला अशांच्या द्वारे तो वेळोवेळी प्रकट होतो. न्यायाने बोलायचे तर हा आपल्याकडचा अवतारवाद नव्हे. आरशात सूर्याचे तेज दिसते, पण सूर्य आरशात उतरत नाही, असा त्यांचा दाखला आहे. बुद्धाला विष्णूचा अवतार ठरवणाऱ्यांच्या पंगतीत त्यांना बसवणे बरे नाही. तरीही तथागतांना त्या मालिकेत बसवताना त्यांचे मुख्य म्हणणेच गळून जाते. आपला शब्द कुणा ईश्वराकडून आणला, असे ते म्हणाले नाहीत. स्वतः शोधले आणि इतरांना तपासून घ्यायला सांगितले. मार्गदाता आणि मोक्षदाता यांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात केलेला भेद येथे आठवावा.

मग आत बसून करायचे काय? प्रार्थना चालू असता तरातरा उठून जाण्यात बाणेदारपणा नाही. पाहुण्यासारखे शांत बसा. मनात त्रिशरण म्हणा, नाहीतर श्वासाकडे लक्ष द्या. देखल्या देवा दंडवत मात्र नको. गप्प बसलात म्हणून कबुली दिली असे होत नाही. पण घरी येऊन "सगळे धर्म सारखेच" म्हणत कोनाड्यात जुने देव पुन्हा मांडलेत, तर प्रतिज्ञा मोडली. (हे वाक्य अशा सहलीनंतर फार ऐकू येते, म्हणणाऱ्याने बहुधा एकही धर्म नीट वाचलेला नसतो.)

लेकरू विचारील, "आई, इथे बुद्ध कुठे आहेत?" बाहेर येऊन, चपला घालता घालता उत्तर द्या. येथले लोक बुद्धांना मानतात, पण ईश्वराचा संदेश आणणारे म्हणून. आपण त्यांना स्वतःच्या प्रयत्नाने बुद्ध झालेला माणूस म्हणून मानतो, असे सांगा. त्यावर ते विचारील, "मग खरे कोणाचे?" या प्रश्नाची तयारी दीक्षेच्या दिवसापासूनच व्हायला हवी होती. झाली नसेल, तर दिल्लीहून परतीचा प्रवास लांबचा असतो.