धृतराष्ट्राचा प्रश्न आणि डेट्रॉइटचे ४४ विजय



आजचं चिंतन गीतेच्या पहिल्याच श्लोकावर. सातशे श्लोकांत धृतराष्ट्र बोलतो तो एवढा एकच. विचारतो काय, तर माझ्या मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी काय केलं. त्यातही 'माझे' आधी. इथे त्याचा मोह दिसतो हे आपण प्रवचनात नेहमी ऐकतो, आणि ते बरोबरच आहे. पण आज वाचताना माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. हा माणूस रणांगणावर नाही. हातात धनुष्य नाही, समोर रथ नाही. तो लांब बसून निकालाची वाट बघतोय. सभापर्वात द्यूत चालू असतानाही तो असाच बसलेला असतो आणि द्रौपदी पणाला लागल्यावर खूश होऊन पुन्हा पुन्हा विचारतो, की डाव जिंकला का. (राजा म्हणून तो ते थांबवू शकला असता, हा विषय वेगळा आणि मोठा आहे.)

फळाची आस सोड, हे भगवंत सांगतात ते अर्जुनाला. म्हणजे कर्म करणाऱ्याला. ज्याच्या वाट्याला कर्मच नाही, फक्त आस आहे, त्याने काय करायचं?

हा प्रश्न मला पडण्याचं कारण थोडं हास्यास्पद आहे. मी मिशिगनमध्ये राहतो आणि डेट्रॉइट पिस्टन्स या बास्केटबॉल संघाचा चाहता आहे. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एनबीएमध्ये एका मोसमात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. २०२३-२४ च्या मोसमात आमचा संघ ओळीने २८ सामने हरला. एका मोसमात इतके सलग पराभव त्याआधी कुणाचेच नव्हते. ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झालेली ही माळ ३० डिसेंबरला तुटली, टोरोंटोविरुद्ध, १२९-१२७. त्या दिवसांत आमची मागणी काय होती? फक्त एक विजय. कसाही, कुणाविरुद्धही. तो मिळाला तेव्हा अजिंक्यपद मिळाल्यासारखं वाटलं. मोसम संपला तो १४ विजय आणि ६८ पराभवांवर.

पुढच्या वर्षी नवे प्रशिक्षक आले, जे. बी. बिकरस्टाफ. पहिले चारही सामने हरलो. तेव्हा मी मनाशी म्हटलं, वीस जिंकले तरी पुष्कळ. मग केड कनिंगहॅम असा काही खेळायला लागला, की वीसचे पंचवीस झाले आणि पंचवीसचे तीस. फेब्रुवारीत संघाने ओळीने आठ सामने जिंकले आणि तेव्हापासून आम्ही मित्र प्लेऑफची गणितं मांडायला लागलो. शेवटी ४४ विजय. ८२ सामन्यांच्या पूर्ण मोसमानंतर पुढच्याच मोसमात विजय तिप्पट करणारा एनबीएच्या इतिहासातला हा पहिलाच संघ.

आणि आता बघा. २७ एप्रिल २०२५, न्यूयॉर्क निक्सविरुद्ध प्लेऑफचा चौथा सामना. आपण एका गुणाने हरलो, ९४-९३. शेवटच्या क्षणी टिम हार्डवे ज्युनिअरला धक्का लागला, पंचांनी शिट्टी वाजवली नाही, आणि सामन्यानंतर मुख्य पंचांनीच सांगितलं की तो फाउल द्यायला हवा होता. त्या रात्री आमच्या ग्रुपवर जो संताप होता, तो २८ पराभवांच्या काळातही नव्हता. तेव्हा दुःख होतं, आता अन्याय झाला होता. आमचं काहीतरी कुणीतरी हिसकावून घेतलं होतं.

सोळा महिन्यांपूर्वी एक विजय दान वाटत होता, आता प्रत्येक विजय येणं बाकी असल्यासारखा. आमच्या कामात याला बेसलाइन सरकणं म्हणतात. सिस्टम सुधारली की सुधारलेलं तेच शून्य होतं, पुढची मोजणी तिथून. यंत्राच्या बाबतीत ते योग्यच आहे.

खेळाडूंच्या बाबतीतही योग्य आहे, असं मला वाटतं. कनिंगहॅमने १४ विजयांच्या आठवणीत समाधान मानलं असतं तर ४४ झालेच नसते. ज्याला कर्म करायचंय त्याने मापदंड वाढवायलाच हवा. चाहत्यानेही कायम थोडक्यात खूश राहावं, असं मी म्हणणार नाही. पराभवांच्या त्या मालिकेत प्रेक्षक स्टेडियममध्ये संघ विकून टाका अशा घोषणा देत होते. पैसे मोजून, थंडीत येऊन, पुन्हा पुन्हा हरताना बघणाऱ्याला तेवढं म्हणायचा अधिकार आहेच. अपेक्षाच नसेल तर 'माझे' कशाला म्हणायचं?

पण हे 'माझे' फार सोयीचं असतं. वर दोनदा मी 'हरलो' असं लिहिलंय. १४ विजयांच्या वर्षी मात्र आमच्या ग्रुपवर 'ते हरले' असायचं.

त्या खोलीत आणखी एक प्रेक्षक आहे हे आपण विसरतो. संजय. निकालावर त्याचाही काही ताबा नाही. पण धृतराष्ट्राने दिव्यदृष्टी नाकारली आणि याने घेतली. एकाला निकाल हवाय, दुसरा बघतोय. अठराव्या अध्यायाच्या शेवटी संजय म्हणतो की हा संवाद आठवून आठवून मला पुन्हा पुन्हा हर्ष होतो. कोण जिंकेल याबद्दल त्याचंही मत आहे, अगदी शेवटच्या श्लोकात तो ते स्पष्ट सांगतो. म्हणजे तो तटस्थ नाही. तरी त्याचा आनंद निकाल येण्याआधीच पूर्ण झालेला आहे.

१ मे २०२५ ला सहावा सामना संपला. चार सेकंद उरलेले असताना जेलन ब्रन्सनने तीन गुणांचा फटका मारला, ११६-११३, आणि मोसम संपला. मी टीव्ही बंद करत होतो तेवढ्यात मित्राचा मेसेज आला: पुढच्या वर्षी पन्नास तरी हवेत. मी त्याला अंगठा पाठवला आणि मग टोरोंटोच्या सामन्याची शेवटची पाच मिनिटं पुन्हा लावून बघितली.

उद्या दुसरा श्लोक. दुर्योधन द्रोणाचार्यांकडे जातो.