घोड्याला लावलेला नियम

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात जवळपास एकाच वाटेवर दोन शर्यती होतात. पहिली घोड्यांची, 'तेव्हिस कप': १९५५ साली सुरू झालेली, शंभर मैलांची, चोवीस तासांत पूर्ण करायची. दुसरी माणसांची, 'वेस्टर्न स्टेट्स'. ती पहिलीच्याच पोटातून जन्मली. १९७४ साली गॉर्डी एन्सले हा स्वार घोड्याविना, पायीच घोड्यांच्या शर्यतीत उतरला आणि २३ तास ४२ मिनिटांत ऑबर्न गावी पोहोचला. आता दर जूनच्या अखेरीस शेकडो माणसे ही वाट तीस तासांच्या मुदतीत धावतात.

शर्यत कधी संपली, हे मात्र दोन्हीकडे वेगवेगळ्या रीतीने ठरते. घोडा ऑबर्नला पोहोचला एवढ्याने भागत नाही. पशुवैद्य त्याची नाडी पाहतात, त्याला चालवून पाहतात, आणि तो अजून पुढे जाण्यास समर्थ आहे असे ठरले तरच शर्यत पूर्ण झाली असे धरतात. पहिल्या दहा घोड्यांत ज्याची प्रकृती सर्वांत उत्तम, त्याला 'हॅगिन कप' हा वेगळा मान मिळतो. माणसाने रेषा ओलांडली की पुरे. पुढच्या क्षणी तो कोसळला तरी मानाचे बक्कल त्याचेच.

मुक्या जनावराबाबत जे कर्तव्य आपण सहज मानतो, ते स्वतःच्या देहाबाबत का मानत नाही?

याचे तयार उत्तर म्हणजे संमती. घोड्याला कुणी विचारलेले नसते. माणूस आपखुशीने धावतो. पण ही संमती नेमकी कोणाची? ती शनिवारी पहाटे पाच वाजता, ताज्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाची असते. किंमत मोजतो तो रविवारी दुपारनंतरचा माणूस. या वाटेवर चढणीपेक्षा उतरण जास्त आहे आणि उतारावर मांड्यांचे स्नायू अधिक फाटतात. धावताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. पाय थांबले की ते खाली साचते, रक्तदाब घसरतो, आणि रेषा ओलांडल्यावर घेरी येते. फुटलेल्या स्नायूंतले प्रथिन मूत्रपिंडांवर येऊन पडते. लघवी काळ्या चहासारखी झाली तर इस्पितळच गाठावे लागते. रविवारच्या माणसाचे मत शनिवारी घेता येत नाही. त्या अर्थाने तोही मुकाच.

एका मित्राच्या शर्यतीनंतर तो, त्याची बायको आणि मी असे तिघे त्या वाटेजवळच्या एका कॅम्पग्राउंडवर दोन रात्री राहिलो होतो. इतके जागरण होऊनही त्याला झोप लागत नव्हती. झोपण्याच्या पिशवीत कूस बदलायची तर दोन्ही हातांनी पाय उचलून ठेवावे लागत. त्या तंबूत मी माझ्या धंद्याला धरून 'रिकव्हरी'चा प्रतिशब्द शोधत होतो. बँकेच्या कागदात तो 'वसुली' होतो, दवाखान्यात 'बरे होणे'. तिथे मला वसुलीच जास्त खरी वाटली. देह उधारीवर धावला होता आणि सावकार तंबूत येऊन बसला होता. त्यातला काही हिस्सा बायको फेडत होती: रात्री उठून पाणी देणे, फोड पुसणे, 'मी ठीक आहे' यावर विश्वास न ठेवणे.

हे शेवटचे काम महत्त्वाचे. घोड्याला बोलता येत नाही म्हणून वैद्य लागतो. माणसाला बोलता येते, पण दमलेल्या माणसाच्या बोलण्यावर विसंबता येत नाही. तीस तास जागा असलेला माणूस गाडी चालवायला निघाला, तर धोका त्याच्यापुरता राहत नाही. समोरून येणाऱ्याने कशालाच संमती दिलेली नसते. वाटेजवळ मुक्काम करणे म्हणूनच निव्वळ हौस उरत नाही.

तरीही घोड्याचा नियम माणसाला लावावा, असे मी म्हणणार नाही. स्वतःला किती खर्चायचे हे दुसऱ्याने ठरवू लागणे मला भीतिदायक वाटते. त्या खर्चातून मिळणाऱ्या समाधानाचा हिशेब बाहेरच्याला मांडता येत नाही. परंतु एक वाट उरते: आपला परीक्षक आपणच आधी नेमावा. मित्राने ते केले होते. शुक्रवारी संध्याकाळी गाडीच्या किल्ल्या त्याने बायकोच्या हाती दिल्या आणि मंगळवार सकाळपर्यंत परत देऊ नकोस म्हणून बजावले.

रविवारी संध्याकाळी त्याने त्या मागितल्याच. सोमवारी कामावर जायचे होते, आणि आपण आता अगदी बरे आहोत, असे त्याचे म्हणणे होते. तिने दिल्या नाहीत. तो चिडला, काही वेळ बोलला नाही, मग खिचडी मागून खाल्ली. तिने त्याचे स्वातंत्र्य हिरावले, असे मला वाटत नाही. शुक्रवारच्या त्याचा शब्द तिने पाळला आणि रविवारच्या त्याला सांभाळले. मंगळवारी सकाळी तो तंबूतून कुणाचा आधार न घेता बाहेर आला, गाडीपर्यंत हळूहळू चालत गेला आणि तिच्यापुढे हात पसरून उभा राहिला. तिने आधी त्याची चाल नीट पाहून घेतली.