काळजी : करण्याची आणि घेण्याची

मराठी भाषेने एका शब्दात दोन अगदी भिन्न गोष्टी बांधून ठेवल्या आहेत. आपण काळजी करतो आणि काळजी घेतोही. कोंकणीतही हा शब्द आहे. पण मनाला लागून राहिलेल्या घोराला तेथे ‘हुस्को’ आणि जपणुकीला ‘जतनाय’ असे स्वतंत्र शब्द मिळाले आहेत. मराठीत मात्र अर्थाचा सारा भार क्रियापदावर पडतो. शब्द एक, तेव्हा वस्तूही एकच, असा समज मनात रुजतो. आणि काळजी केली म्हणजे काळजी घेतली, असे माणसाला अगदी प्रामाणिकपणे वाटू लागते. यातूनच एक नैतिक प्रश्न उद्भवतो. आपल्या माणसावर संकट आले असता चिंता करणे हे कर्तव्य आहे काय?

व्यवहारात बहुतेकांचे उत्तर होकारार्थी असते. बाप रुग्णालयात असताना ज्या मुलाला गाढ झोप लागली, त्याच्याकडे नातलग संशयाने पाहतात. त्याने दिवसभर औषधांसाठी धावपळ केली होती, हे कोणी विचारात घेत नाही. उलट जो रात्रभर येरझारा घालतो, तो मायाळू ठरतो. चिंता ही प्रेमाची साक्ष मानली जाते. परंतु ही साक्ष काय शाबीत करते, हे तपासून पाहिले पाहिजे. येरझारांनी रोग्याचा ताप उतरत नाही; आणि सकाळी डॉक्टर महत्त्वाच्या सूचना देऊ लागला की जागरणाने थकलेल्या मनाला त्या नीट उमगत नाहीत. ज्याच्यासाठी चिंता केली, त्याच्याच सेवेत तिने उणीव आणली.

या बाबतीत कायद्याची दृष्टी मला अधिक निर्मळ वाटते. रोमन कायद्याने सावधपणाचे माप म्हणून चांगल्या कुटुंबप्रमुखाची कल्पना मांडली. आपला कायदा सामान्य विवेकी मनुष्याला प्रमाण मानतो. त्या मनुष्याने कोणती दक्षता घेतली असती, एवढेच न्यायालय पाहते. त्याला घाम फुटला होता काय, हे विचारीत नाही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे मुदत टळल्यावर आणलेला दावा, प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरीही, फेटाळावा लागतो. अपिलाच्या विलंबाला क्षमा मिळू शकते; पण त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते, आणि ‘मी फार चिंतेत होतो’ एवढे म्हणणे सहसा पुरत नाही. चिंताग्रस्त मनुष्य निष्काळजी असू शकतो आणि शांत मनुष्य अत्यंत दक्ष असू शकतो, हे कायद्याने जाणले आहे.

यावर कोणी म्हणेल, की चिंता नसती तर दक्षता तरी कोठून आली असती? आक्षेप रास्त आहे. चिंता दारावर थाप मारते आणि निरोप सांगते : शेतीचे कागद पाहून ठेव, छातीत दुखते ते डॉक्टरांना दाखव. निरोप अवश्य ऐकावा. परंतु निरोप्याला ओसरीवर कायमचे बिऱ्हाड देऊ नये. गुलाम म्हणून जन्मलेल्या एपिक्टेटसने, आपल्या हाती काय आहे आणि काय नाही, हा भेद आपल्या शिकवणीच्या मुळाशी ठेवला. आयुष्यातील प्रश्न इतक्या सरळ रेषेने विभागले जात नाहीत, हे खरे. खटला चांगला तयार करणे माझ्या हाती, निकाल माझ्या हाती नाही. तरी निकालावर त्या तयारीचा परिणाम होतोच. म्हणून ‘हे माझ्या हाती आहे काय?’ याऐवजी ‘यातले आज करण्यासारखे काय आहे?’ असे विचारणे अधिक उपयोगाचे.

वाटपाच्या दाव्यात गुंतलेल्या एका वृद्ध विधवेला तारखेच्या आदल्या रात्री झोप येत नसे. धीर धरा, असे सर्वांनी सांगून पाहिले. तिला ते उपदेश काट्यासारखे बोचत. अखेर मी तिला ट्रंकेतले कागद तारीखवार लावण्याचे काम दिले. त्यात घरपट्टीची एक जुनी पावती निघाली आणि ती दाव्यात कामीही आली. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, कागद लावून झाल्यावर ती म्हणाली, ‘आता माझं झालं, पुढचं कोर्टाचं.’ तिची चिंता नाहीशी झाली नाही. तिला हद्द मिळाली.

तथापि हा उपाय सर्वांना लागू पडेल, असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. काहींच्या बाबतीत चिंता हा आजार असतो. तेथे विचाराने मन आवरत नाही आणि उपदेशाने केवळ अपराधीपणा वाढतो. अशा माणसाकडे समाजाने कसे पाहावे, याबाबतीत आपल्या कायद्यानेच आपली भूमिका बदलली आहे. १८६० च्या दंडसंहितेचे कलम ३०९ आत्महत्येच्या प्रयत्नाला एक वर्षापर्यंतची कैद सांगत असे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे, विरुद्ध शाबीत होईपर्यंत, गृहीत धरण्यास सांगितले. त्याच्यावर खटला चालवू नये असे ठरविले. आणि त्याची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य मानले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो सर्वसाधारण गुन्हाच उरलेला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ या सरकारी सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. जेथे शिक्षा होती, तेथे जतनाय आली. घराघरांतील भाषा मात्र अजून जुन्याच कलमावर चालते : ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं?’ हा प्रश्न नसतो. तो आरोप असतो.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. काळजी घेणे हे कर्तव्य आहे. काळजी करणे हे कर्तव्य नाही आणि पापही नाही. ती येते, जशी पावसाळ्यात भिंतीला ओल येते. ओल आली म्हणून घराला कोणी दोष देत नाही, कौले शाकारतात. कौले स्वतःला शाकारता आली तर उत्तमच. न आली तर शेजाऱ्याने शिडी धरावी, किंवा जाणत्याला बोलावून आणावे. आणि दिवसाचे काम करून जो निजला असेल, त्याच्या झोपेवरून त्याच्या प्रेमाचा निवाडा करू नये. उद्या आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचे बळ त्याला त्या झोपेतूनच मिळणार असते.