देवाची प्रीति : उणिवेंतून कीं पूर्णतेंतून?

एका उपदेशक बंधूंनीं नुकताच आम्हांस एक प्रश्न विचारिला. ते एका खेड्यांत चावडीवर देवाच्या प्रीतीविषयीं बोलत असतां एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "मास्तर, तुमचा देव परिपूर्ण आहे म्हणतां. ज्याला कशाचीच वाण नाहीं तो आमच्यासारख्यांवर प्रीति कशाला करील? त्याला आमच्यापासून काय मिळावयाचें?" बंधूंस तेथल्या तेथें उत्तर सुचलें नाहीं. ह्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. प्राचीन ग्रीस देशांतील थोर तत्त्ववेत्तेहि ह्याच प्रश्नापाशीं अडले होते.

ख्रिस्तापूर्वीं चौथ्या शतकांत अथेनै नगरांत प्लेटोनें 'सिंपोझियम' नामक संवाद लिहिला. त्यांत सॉक्रेटिसाच्या तोंडीं असा विचार घातला आहे कीं, आपणांजवळ जें नाहीं त्याचीच आपणांस ओढ लागते. म्हणून प्रीति ही उणिवेंतून उपजते. ह्या प्रीतीस ग्रीक भाषेंत 'एरोस' म्हणतात. समृद्धि तिचा बाप व दरिद्रता तिची आई, अशी कथाहि तेथें सांगितली आहे. हें खरें मानिलें, तर ज्यास उणीव नाहीं त्या देवास प्रीतीहि नाहीं, असें ओघानेंच ठरतें.

प्लेटोचा शिष्य आरिस्टॉटल ह्यानें देवाविषयीं असें शिकविलें कीं, प्रिय वस्तु जशी प्रीति करणारास आपणाकडे ओढिते, तसा देव सर्व जगास चालना देतो. पण तो स्वतः मात्र हालत नाहीं. डोंगराचें शिखर वाटसरूस वर बोलाविते, परंतु त्याच्यासाठीं एक पाऊलहि खालीं उतरत नाहीं, तसाच हा प्रकार होय. देव व मनुष्य ह्यांच्याइतकें अंतर जेथें असेल तेथें मैत्री टिकत नाहीं, असेंहि त्यानें नीतिशास्त्रावरील ग्रंथांत म्हटलें आहे.

ह्या विद्वानांस हंसणें आम्हांस शोभत नाहीं. 'तिमायस' नामक संवादांत प्लेटो सांगतो कीं, जगाचा कर्ता चांगला आहे, व चांगल्याच्या ठायीं हेवा नसतो. म्हणून सर्व वस्तु होतां होईल तों आपणासारख्या व्हाव्या अशी त्याची इच्छा होती. केवढा हा प्रकाश! तथापि तो चांगला कर्ता हरवलेल्यास शोधावयास निघाला, ही वार्ता तेथें नाहीं.

ती वार्ता नव्या करारांत आहे. तेथें देवाच्या प्रीतीस 'एरोस' न म्हणतां 'अगापे' म्हटलें आहे. पिता जगाच्या स्थापनेपूर्वींच पुत्रावर प्रीति करीत होता (योहान १७:२४). म्हणजे प्रीति करण्यासाठीं त्यास जगाची गरज नव्हती. आणि आपण पापी असतांनाच ख्रिस्त आपणांसाठीं मरण पावला (रोम. ५:८), म्हणजे आपली योग्यता पाहून ती प्रीति आली नाहीं. झरा वाहतो तो तहान लागली म्हणून नव्हे, भरून आला म्हणून वाहतो. त्या वृद्ध गृहस्थांस हेंच उत्तर द्यावें: देव परिपूर्ण आहे म्हणूनच त्याची प्रीति फुकट आहे. ज्याला आपणांपासून कांहीं मिळवावयाचें असतें, तो तें न मिळतांच आपणांस सोडून जातो.

ऑगस्टीन (इ. स. ३५४-४३०) ह्यानें तरुणपणीं प्लेटोच्या अनुयायांचे ग्रंथ वाचिले होते. शब्द देवासह होता, ह्या अर्थाचें शिक्षण त्यास त्यांत सांपडलें. परंतु शब्द देही झाला, हें सांपडलें नाहीं, असें त्यानें आपल्या 'कबुलीजबाब' ह्या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. शिखर खालीं उतरलें, हेंच तें सुवर्तमान.

आतां, प्रिय बंधुभगिनींनो, हा प्रश्न आपल्या दारीं येतो. ओठांवर 'अगापे' असून आपली चालचर्या 'एरोस'ची नाहीं ना? ज्या घरीं सतरंजी अंथरून चहा मिळतो तेथें आपण पाळक व उपदेशक वारंवार जातों. गांवाच्या कडेला जी विधवा तापानें पडली आहे, जिच्याजवळ वर्गणीस पैसा नाहीं व बसावयास घोंगडें नाहीं, तिच्या झोंपडींत आपण शेवटीं केव्हां गेलों होतों? आम्ही हें प्रथम आपणां स्वतःस विचारितों, आणि उत्तर देतांना आमची मान खालीं जाते.

चावडीवरील तो वृद्ध आपलें उत्तर ऐकेल, आणि मग आपण कोणाच्या दारीं जातों इकडे पाहील. येत्या आठवड्यांत ज्याच्यापासून आपणांस कांहींच मिळणार नाहीं, अशा एका तरी घरीं प्रत्येकानें जावें, एवढीच आमची विनंति आहे.