सिंधुबंदी उठली, प्रश्न उरला

समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असे आज कुणी उघडपणे म्हणणार नाही. पासपोर्ट काढणे, व्हिसाची तारीख मिळवणे, फॉरेक्स कार्डात पैसे भरणे यांत धर्माचा संबंध येतोच कुठे? सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मात्र पुण्या-मुंबईच्या ब्राह्मण घरातून कुणी विलायतेला निघाला, तर परतल्यावर त्याला पंगतीत घेतील का, श्राद्धाला भटजी येतील का, बहिणीचे लग्न जमेल का, याचा खल आधी होई. सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतल्या ज्या सात बेड्या मोजल्या, त्यांत स्पर्शबंदी, रोटीबंदी आणि बेटीबंदीबरोबर सिंधुबंदीही होती. ही बेडी तुटली हे फार चांगले झाले. पण त्या बंदीच्या पोटात एक खरा प्रश्न होता आणि त्याला दिलेले उत्तर चुकीचे होते. आपण उत्तर टाकून दिले, त्याबरोबर प्रश्नही टाकला. म्हणून आज परदेशी जाणारा माणूस बॅगेत किती किलो न्यायचे याचा हिशेब चोख ठेवतो. आपल्याबरोबर कोणता आचार न्यायचा, याचा विचार सहसा करत नाही.

बंदीचा इतिहास वाटतो तितका सरळ नाही. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास पतनीय पापांत गणला आहे. त्याच ग्रंथात तो उत्तरेकडच्या लोकांचा रूढ आचार म्हणूनही नोंदला आहे. मनुस्मृतीत समुद्रप्रवास करणाऱ्या ब्राह्मणाला श्राद्धाच्या निमंत्रणातून वगळले आहे. पण सागरी व्यापारातल्या कर्जावरचे व्याज ठरवताना समुद्रप्रवासाच्या जाणकारांचा शब्द प्रमाण मानायला तीच स्मृती सांगते. म्हणजे समुद्र सगळ्यांना वर्ज्य नव्हता आणि समाजाला त्याचे वावडेही नव्हते. कोकण किनाऱ्यावरचे सोपारा आणि चौल परदेशी व्यापारावरच भरभराटले, आणि कंबोडियाच्या राजदरबारात ब्राह्मण पुरोहित मानाने नांदले. खरी कडक भूमिका दिसते ती मध्ययुगीन निबंधग्रंथांतल्या कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या गोष्टींच्या, याद्यांत. जहाजाने समुद्रपार गेलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरी त्याच्याशी व्यवहार ठेवू नये, इथवर त्या जातात. आता, पाण्यालाच दोष असता तर तो खलाशालाही लागायला हवा होता. ज्याचे पावित्र्य स्नान-संध्या, सोवळे आणि कुणी रांधलेले खावे या नियमांवर उभे होते, त्याच्यावर बंदीचा सगळा रोख होता. त्यामागची भीती ओळखणे कठीण नाही. जहाजावर आणि परक्या मुलखात हे नियम पाळले जाणार नाहीत, आणि ते मोडले तर पाहायलाही कुणी नसेल.

यावर पहिला आक्षेप असा की, ही भीती वगैरे काही नव्हती, जातीची सत्ता टिकवण्याची ती युक्ती होती. या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. १८८८ मध्ये मोहनदास गांधी मुंबईहून इंग्लंडला निघाले तेव्हा त्यांच्या मोढ वाणी जातीच्या पुढाऱ्यांनी सभा बोलावून त्यांना वाळीत टाकले. घरी आईला दिलेल्या शपथेचा दाखला त्यांनी दिला, तरी उपयोग झाला नाही. परतल्यावर जातीतल्या एका तडाने त्यांना पुन्हा सामावून घेतले, आणि त्या तडाच्या समाधानासाठी भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवले व राजकोटला जातभोजन घातले. माणूस परदेशात प्रत्यक्ष कसा वागला, हे त्या स्नानात कुणाला विचारायचेच नव्हते. तेव्हा बंदी राबवणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, असा दावा करण्याचे कारण नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट असला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. गाव, जात आणि शेजार यांची नजर नाहीशी झाली की माझ्या आचारातले किती उरते, हे जातीच्या पुढाऱ्याला कळण्याची गरज नाही. मला मात्र ते कळायला हवे.

परदेशात आचार पाळता येत नाही, ही समजूत इतिहासाने केव्हाच खोटी पाडली आहे. १७८१ मध्ये रघुनाथराव पेशव्यांचे वकील म्हणून हनुमंतराव हा ब्राह्मण आणि त्याच्याबरोबरचे पारशी सहकारी इंग्लंडमध्ये पोचले, तेव्हा संसदपटू एडमंड बर्कने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेले आणि बागेतले काचघर त्यांच्या स्वयंपाकासाठी व धर्मकृत्यांसाठी मोकळे करून दिले. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सोवळ्याचा स्वयंपाक होऊ शकला, तो पाहुण्याच्या निश्चयामुळे आणि यजमानाच्या सौजन्यामुळे. परक्या भूमीने आड येण्याचे कारण नव्हते.

गांधींच्या लंडनमधल्या दिवसांतून याहून पुढचे काही हाती लागते. मांस खाणार नाही, ही शपथ त्यांनी आईसाठी घेतली होती. त्यांच्या मनाला मांसाहार तेव्हा गैर वाटत नव्हता, हे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने मांडले आहे. लंडनमध्ये उपाशी राहण्याची वेळ येत असतानाही त्यांनी शपथ पाळली. पुढे एका शाकाहारी उपाहारगृहात त्यांना हेन्री सॉल्टचे शाकाहारावरचे पुस्तक मिळाले, ते वाचून पटले, आणि पाहता पाहता ते तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर गेले. राजकोटमध्ये जो नियम आईचा होता, तो लंडनमध्ये त्यांचा स्वतःचा झाला. घरी राहिले असते तर नियम टिकलाही असता, पण तो आपल्याला पटतो की नुसता अंगवळणी पडला आहे, हे तपासण्याची वेळ कदाचित आली नसती. म्हणून माझे म्हणणे असे की परदेशप्रवासात धर्म बुडत नाही, त्याची परीक्षा होते. आणि परीक्षेच्या भीतीने शाळाच बंद ठेवावी, तसे ते कलिवर्ज्य होते.

सनातन्यांचा सर्वांत भक्कम आक्षेप मात्र अजून बाकी आहे, आणि त्याचे नाव पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आमची भीती खरी ठरली की नाही, असे तेव्हा अनेकांनी विचारले. पण रमाबाईंचे चरित्र या आक्षेपाला साथ देत नाही. शास्त्रांत स्त्रियांना काय स्थान आहे, याविषयीची त्यांची बेचैनी बोटीत बसण्याच्या कितीतरी आधीची, इथल्याच अनुभवातून आलेली होती. धर्म बदलल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि चर्चच्या अधिकाराविषयी व सिद्धांतांविषयी आपल्या इंग्रज मार्गदर्शिकांशी त्यांनी पत्रांतून निर्भीड वाद घातला. परक्या वातावरणात वाहून गेलेली व्यक्ती अशी वागत नाही. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या. जाण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी हिंदू म्हणूनच जाण्याचा आणि हिंदू म्हणूनच परतण्याचा निर्धार जाहीर केला होता. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन त्या तशाच परतल्या. एकीने धर्म बदलला, दुसरीने राखला. दोघींच्या निर्णयामागे विचार होता, आणि तो विचार त्यांना समुद्राने शिकवला नव्हता.

आनंदीबाईंच्या उदाहरणाला एक दुखरी कडाही आहे. परक्या थंडीत, मोजक्या आहारावर त्यांची प्रकृती ढासळत गेली, आणि मायदेशी परतल्यावर काही महिन्यांतच, १८८७ च्या फेब्रुवारीत, त्या वारल्या. घरचा प्रत्येक आचार परदेशात जसाच्या तसा न्यावा, असा अर्थ यातून काढता येणार नाही. घेऊन जायचे काय आणि ठेवून जायचे काय, हे निवडावे लागते, आणि आजच्या प्रवाशाचा गोंधळ नेमका इथेच आहे. मराठी आचारी बरोबर असलेल्या सहलीत रोज पोळी-भाजी मिळावी, यात गैर काहीच नाही. मधुमेह असलेल्या किंवा वयस्कर माणसाला ती सोय मोलाची असते. पण सवयीला धर्म समजणे वेगळे आणि धर्माला सवयीसारखे बाजूला ठेवणे वेगळे, आणि या दोन्ही चुका एकाच माणसाच्या हातून होऊ शकतात. चटणीचा डबा जपून नेणारा माणूस हॉटेलच्या नाश्त्यातली फळे-पाव पिशवीत भरून दुपारची सोय करतो, किंवा मनाई असलेल्या देवळात चोरून फोटो काढतो, कारण इथे ओळखीचे कोण आहे? जेवणाची चव पाळली जाते, अस्तेय विसरले जाते. वास्तविक निवड उलटी हवी. कुणीही पाहत नसताना जे करणार नाही ते व्रत, आणि ते बरोबर न्यायचे. मोडले तर फक्त गैरसोय होते ती सवय. जमेल तेव्हा तिला सुट्टी द्यायची.

चार दिवस मजेला निघालेल्या माणसाच्या डोक्यावर हे ओझे कशाला, असेही कुणी म्हणेल. ओझे घ्यायचे ते यासाठी की प्रवासी जिथे जातो तिथे कुणीतरी राहत असते. अतिथीला देव मानावे, हे आपल्याकडे यजमानाला पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. अतिथीने कसे वागावे, याचे शिक्षण त्यामानाने तोकडे राहिले. ते आता जग देऊ लागले आहे. क्योटोच्या गिओन भागात पर्यटकांच्या उपद्रवामुळे २०२४ पासून खाजगी गल्ल्यांत शिरायला मनाई झाली. भूतान प्रत्येक रात्रीमागे पर्यटकाकडून शुल्क घेतो. रोमच्या सेंट पीटर्समध्ये उघड्या खांद्यांनी जाता येत नाही, आणि बँकॉकच्या वाट फ्रा केओमध्येही अंग झाकल्याशिवाय प्रवेश नाही. पूर्वी बंदी निघणाऱ्याच्या गावात होती, आता ती पोचण्याच्या गावात उभी राहते आहे. अशा जागी आपली श्रद्धा वेगळी असली तरी चप्पल काढणे किंवा डोके झाकणे म्हणजे आपला धर्म सोडणे नव्हे. तो यजमानाचा मान आहे, आणि काचघर मोकळे करून देणाऱ्या बर्कचे ऋण फेडण्याची तीच रीत आहे.

प्रवासाची तयारी करताना विमा, औषधांच्या चिठ्ठ्या, कागदपत्रांच्या प्रती या याद्या करायलाच हव्यात. त्यांच्याबरोबर आणखी दोन याद्या कराव्यात. एक, काहीही झाले तरी मी मोडणार नाही अशा गोष्टींची. ही बहुधा फार छोटी निघेल. दुसरी, जिथे जातो आहोत तिथले लोक ज्यांना जपतात अशा गोष्टींची. ही आधी वाचून, विचारून करावी लागेल. या दोन्हींत जे बसत नाही ते परिस्थितीनुसार बदलायला मोकळे राहावे. जुन्या शास्त्रकारांनी माणसावर विश्वास ठेवला नाही, म्हणून त्याला किनाऱ्यावर अडवले. ती अडवणूक आपण नाकारली, त्याच क्षणी आपल्या आचाराचा पहारेकरी होण्याची जबाबदारी आपल्यावर आली. ती टाळणाऱ्या प्रवाशाला सिंधुबंदीला नावे ठेवण्याचा फारसा अधिकार उरत नाही, कारण शास्त्रकारांची शंका तो स्वतःच खरी ठरवत असतो.